पाण्यात उतरणाऱ्या चाकाचं ग्रीस : रंग नको, साबण पाहा



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'बल व बलाचे प्रकार' या पाठात घर्षण येतं. 'घर्षण कमी करण्यासाठी वंगण वापरतात' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. पण 'कोणतं वंगण?' असं सहसा कुणी विचारत नाही. किनारपट्टीच्या गावांत मात्र हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या बोटी आणि जेट स्की ट्रॉलीवरून किनाऱ्यावर येतात. ट्रॅक्टर किंवा जीप मागे सरकते, ट्रॉलीची चाकं पाण्यात बुडतात, बोट तरंगली की रिकामी ट्रॉली ओढून बाहेर काढतात. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमाने.

या चाकांच्या बेअरिंगला कोणतं ग्रीस लावायचं, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय छोटा वाटेल, पण चुकीचा परिणाम छोटा नसतो. पाणी शिरून गंजलेलं बेअरिंग आधी वाजतं, मग तापतं, मग जाम होतं आणि शेवटी चाक निखळून रस्त्यावर धावू शकतं. त्या वेळी मागून दुचाकीवर कोण येत असेल, हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून ज्यांच्या घरी अशी ट्रॉली आहे त्या पालकांनी आणि घर्षण शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे समजून घ्यावं असं मला वाटतं.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगते : ग्रीस निवडताना डब्याचा रंग आणि किंमत नंतर बघा, आधी ते कोणत्या साबणाचं आहे ते बघा. हो, साबणच. कसं ते पुढे येईल.

चाकाच्या आत काय असतं?

ट्रॉलीचा आस म्हणजे ॲक्सल. त्याच्या टोकाला जो निमुळता दांडा असतो तो स्पिंडल. चाक ज्याच्यावर बसतं तो पोकळ भाग म्हणजे हब. हब आणि स्पिंडल यांच्यामध्ये दोन बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. ती बहुधा निमुळत्या रोलरची असतात. अमेरिकेतले घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा निमुळत्या रोलर बेअरिंगचं पेटंट घेतलं. रोलर निमुळते असल्यामुळे ते वरून येणारं वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही पेलतात.

हबच्या आतल्या बाजूला रबराचं ऑइल सील असतं आणि बाहेरच्या बाजूला टोपी. ग्रीस या दोघांच्या मध्ये कोंडलेलं असतं. साध्या भाषेत, हब ही एक छोटी खोली आहे. तिला दोन दारं आहेत आणि आत ग्रीसने तीन कामं करायची आहेत : रोलर आणि त्यांची वाट यांच्यात पातळ थर धरून ठेवणं, लोखंडाला गंजू न देणं आणि पाण्याला आत जागा न देणं. शेतातल्या किंवा उसाच्या ट्रॉलीत पहिलं काम मोठं असतं. बोटीच्या ट्रॉलीत दुसरं आणि तिसरं तितकंच मोठं होतं.

बोटीच्या ट्रॉलीचं दुखणं वेगळं का?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण, गरम हब आणि थंड पाणी. रस्त्याने येताना हब तापतो, त्याच्या आतली हवाही तापते आणि प्रसरण पावते. किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या ट्रॉली पाण्यात घातली की हब झटक्यात थंड होतो आणि आतली हवा आकुंचन पावते. गणित करून बघू. आतली हवा ७० अंश सेल्सिअसवरून २८ अंशांवर आली तर १०० मिलिलिटर हवेची सुमारे ८८ मिलिलिटर होते. म्हणजे जवळजवळ आठवा भाग जागा रिकामी झाली. ती भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणार आणि बाहेर तर पाणीच आहे. सीलची कड जराशी झिजलेली असली तरी तिथून पाणी शिरतं. हब जणू पाण्याचा घोट घेतो.

दुसरं कारण, मीठ. खारं पाणी लोखंडाला गोड्या पाण्यापेक्षा लवकर गंजवतं. रोलरवर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की तो खड्डा प्रत्येक फेरीला वाटेवर आपटतो आणि पुढचा खड्डा तयार करतो.

तिसरं कारण, उभं राहणं. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, ट्रॉली महिनोन् महिने झापाखाली उभी असते. चाक फिरत असतं तेव्हा ग्रीस रोलरवर पुन्हा पुन्हा पसरत राहतं. चाक उभं राहिलं की आत शिरलेलं पाणी एकाच जागी बसून आपलं काम करतं. बोटीच्या ट्रॉलीचं बेअरिंग पुष्कळदा धावून मरत नाही, उभ्या उभ्या मरतं.

यात भर म्हणजे छोटं चाक. समजा, ट्रॉलीच्या चाकाचा व्यास ५३ सेंटिमीटर आहे. परीघ ३.१४ × ५३ म्हणजे सुमारे १६६ सेंटिमीटर. एका किलोमीटरला साधारण ६०० फेऱ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला एक किलोमीटर होतो, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्या! पुढच्या जीपचं चाक ७० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याला त्याच वेळात ४५५ फेऱ्याच पुरतात. जीप आरामात चाललेली दिसते, पण मागची ट्रॉली जास्त राबत असते. परीघाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण

पुष्कळांना वाटतं, ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल. तसं नाही. ग्रीसमध्ये साधारण ८० ते ९० टक्के तेलच असतं, पण ते तेल एका जाळीत अडकवलेलं असतं. भांडी घासायचा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि दाबला की सोडतो, तसंच. रोलर दाब देतो तेव्हा जाळीतून थोडं तेल बाहेर येतं आणि वंगण होतं. ही जाळी बहुतेक वेळा साबणाची असते. उरलेल्या थोड्या भागात गंज रोखणारी आणि जास्त दाब सोसणारी रसायनं मिसळलेली असतात.

साबण कसा होतो? स्निग्धाम्ल अधिक अल्क. आंघोळीचा साबण सोडियमचा असतो. ग्रीसमध्ये सोडियम, कॅल्शियम, लिथियम अशा वेगवेगळ्या धातूंचे साबण वापरतात. लिथियम साबणाच्या ग्रीसची पेटंटं क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ साली अमेरिकेत घेतली आणि आज जगात सर्वात जास्त खपणारं ग्रीस त्याच कुळातलं आहे. गंमत म्हणजे या साबणाला लागणारं स्निग्धाम्ल मुख्यतः एरंडेलापासून मिळतं. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालायचे. एरंडी आजही चाकातच आहे, फक्त रूप बदललंय.

आता खरा मुद्दा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण त्यात आंघोळीचा साबण टाकून हलवलं की सगळं दुधासारखं पांढरं होतं. साबणाने दोघांची मैत्री करून दिली. बेअरिंगमध्ये ही मैत्री आपल्याला नको आहे. म्हणून पाण्याला दाद न देणारा साबण हवा.

असा साबण आपण रोज पाहतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका बसतो. तो साका म्हणजे कॅल्शियमचा साबण. पाण्यातल्या कॅल्शियमने सोडियमची जागा घेतली आणि न विरघळणारा साबण तयार झाला. बादली घासताना जो साका आपल्याला वैताग आणतो, त्याचाच भाऊ बेअरिंगमध्ये पाण्याला अडवतो.

साबणांची ओळखपरेड

सोडियमचं ग्रीस : पाण्याशी लगेच मिसळतं. बोटीच्या ट्रॉलीला अजिबात नको.

साधं कॅल्शियमचं ग्रीस : दुकानात 'कप ग्रीस' म्हणून मिळतं ते बहुधा हेच. पाण्याला चांगलं तोंड देतं, स्वस्तही असतं. पण उष्णता सोसत नाही. वेगाने फिरणाऱ्या चाकात ते पातळ होऊन वाहू लागतं. वाळूत दोनशे पावलं ढकलायच्या ट्रॉलीला एक वेळ चालेल, हमरस्त्याने जाणाऱ्या ट्रॉलीला नाही.

साधं लिथियमचं ग्रीस : साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत घट्टपणा टिकवतं, पाण्यालाही बऱ्यापैकी तोंड देतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'एपी-३' नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा या जातीचं असतं. एपी म्हणजे ऑल पर्पज, आणि ३ हा घट्टपणाचा क्रमांक. गोड्या पाण्यात कधीमधी बुडणाऱ्या चाकाला चालतं, पण लवकर लवकर बदलावं लागतं.

लिथियम कॉम्प्लेक्स : लिथियमचीच सुधारलेली आवृत्ती. घट्टपणा २६० अंशांच्या आसपास टिकतो. ट्रॉलीला ब्रेक असतील तर हबला ब्रेकची उष्णताही सोसावी लागते, तिथे हे उपयोगी. गंजरोधक रसायनं चांगली असलेलं लिथियम कॉम्प्लेक्स ही बोटीच्या ट्रॉलीसाठी सर्वसाधारण आणि सुरक्षित निवड आहे.

ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स : पाण्याने धुऊन जात नाही, चिकटून राहतं. चांगलं आहे, पण सगळीकडे मिळत नाही.

कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स : याची जाळी नेहमीच्या साबणाची नसते. त्यातला सल्फोनेट हा पदार्थ मुळातच गंजरोधक आहे, म्हणून वेगळं गंजरोधक फारसं घालावं लागत नाही. पाण्यालाही आणि उष्णतेलाही उत्तम तोंड देतं. खाऱ्या पाण्यात रोज उतरणाऱ्या चाकासाठी माझं पहिलं मत याला. महाग असतं, पण एका हबला लागतं किती? मूठभर.

पॉलियुरिया : ही जाळीही साबणाची नसते. कारखान्यात कायमच्या बंद केलेल्या बेअरिंगमध्ये हे खूप वापरतात. ग्रीस म्हणून चांगलंच आहे, पण दुसऱ्या ग्रीसशी त्याचं सहसा जमत नाही. त्यामुळे वारंवार उघडायच्या हबसाठी मी सुचवणार नाही.

डब्यावर काय वाचायचं?

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे पुष्कळ लोक बोट घरच्या अंगणात ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी गाडीमागे ट्रेलर लावून पाण्यावर नेतात. त्यामुळे या विषयावर तिथे फार बारीक विचार झालाय. ग्रीसच्या डब्यावर दिसणाऱ्या खुणा अमेरिकेतल्या 'नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट' या १९३३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या आहेत. तिच्या चार इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एनएलजीआय'.

एक, एनएलजीआय क्रमांक. ०००पासून ६पर्यंत असतो. हा फक्त घट्टपणा सांगतो, दर्जा नाही. '३ नंबर २ पेक्षा भारी' असं काही नसतं. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंशांवर ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती रुतला ते मोजतात. २ क्रमांकाच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, ३ क्रमांकात २२ ते २५ मिलिमीटर. चाकाच्या बेअरिंगला सहसा २ क्रमांक सांगतात. ट्रॉली बनवणाऱ्याने माहितीपत्रकात वेगळं लिहिलं असेल तर त्याचं ऐका.

दोन, 'जीसी-एलबी' ही इंग्रजी अक्षरं. जीसी म्हणजे चाकाच्या बेअरिंगसाठीची वरची पातळी, एलबी म्हणजे चॅसिसच्या सांध्यांसाठीची. नुसतं एलबी लिहिलेलं ग्रीस चाकासाठी घेऊ नका.

तीन, अलीकडची 'एचपीएम' ही खूण. तिच्यापुढे अधिक चिन्ह करून 'डब्ल्यूआर' असेल तर पाणी सोसण्याच्या जादा चाचण्या पार केल्या आहेत, 'सीआर' असेल तर गंज रोखण्याच्या. आपल्या कामाला ही दोन्ही हवीत.

चार, पाण्याने धुऊन जाण्याचं प्रमाण. प्रयोगशाळेत बेअरिंगमध्ये ४ ग्रॅम ग्रीस भरतात, ते मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरवतात आणि तासभर त्यावर पाण्याची धार सोडतात. किती टक्के ग्रीस वाहून गेलं ते मोजतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. ही चाचणी ३८ किंवा ७९ अंशांच्या पाण्यात करतात, म्हणून दोन ग्रीसची तुलना करताना तापमान एकच आहे ना ते बघा. हा आकडा डब्यावर नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर 'टेक्निकल डेटा शीट' असते, तिच्यात मिळतो. साबणाचं नावही तिथेच मिळतं.

आणि काय वाचायचं नाही? रंग. निळं, लाल, हिरवं हे सगळं रंग टाकून केलेलं असतं. एका कंपनीचं निळं आणि दुसऱ्या कंपनीचं निळं यांचं काही नातं असेलच असं नाही. डब्यावरचा 'मरीन' हा एकटा शब्दही पुरेसा नाही. तो वाचला की पुढचा प्रश्न विचारा : साबण कोणता आणि चाकाच्या बेअरिंगसाठी आहे का? बोटीवरच्या सावकाश फिरणाऱ्या भागांसाठीचं ग्रीसही मरीनच असतं, पण ते मिनिटाला ६०० फेऱ्यांसाठी बनवलेलं असेलच असं नाही. ग्रॅफाइट घातलेलं काळं ग्रीस खाऱ्या पाण्यात टाळलेलं बरं, कारण ग्रॅफाइट आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड लवकर गंजतं.

जुन्यावर नवं चढवू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हबमध्ये आधी लिथियम आहे, हातात दुसरंच काही आहे, ग्रीस गन लावली आणि भरलं. दोन्ही ग्रीस चांगली असतात, पण दोन जाळ्या एकमेकींना मोडतात. मिश्रण कधी ताकासारखं पातळ होऊन वाहून जातं, कधी घट्ट होऊन तेल सोडतच नाही. लिथियम आणि पॉलियुरिया यांचं सहसा जमत नाही. मातीची, म्हणजे बेंटोनाइटची जाळी असलेल्या ग्रीसचं बहुतेक कुणाशीच जमत नाही.

म्हणून ग्रीस बदलायचं असेल तर हब उघडून बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवं भरा. धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवायचा मोह काही जणांना होतो. तो टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फुटून तुकडे उडू शकतात. एकदा ग्रीस ठरवलं की त्याचं नाव आणि तारीख ट्रॉलीच्या दांड्यावर रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी गॅरेजवाला बदलला तरी माहिती ट्रॉलीवरच राहते.

किती भरायचं?

बेअरिंगच्या रोलरांमधल्या फटी पूर्ण भरायच्या. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. नुसतं वरून चोपडलं तर आत कोरडंच राहतं.

हबच्या पोकळीचं मात्र दोन प्रकारे सांगतात. कोरड्या रस्त्यावरच्या वाहनात पोकळी पूर्ण भरत नाहीत, कारण जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि प्रसरण पावायला त्याला जागा लागते. बोटीच्या ट्रॉलीत मोकळी हवा म्हणजे पाण्याला आमंत्रण. म्हणून तिथे पोकळी अधिक भरतात आणि स्प्रिंग असलेली टोपी बसवतात. या टोपीत स्प्रिंगच्या जोरावर एक चकती ग्रीसला आतून किंचित दाबून धरते. हब थंड होऊन आकुंचन पावला की पाणी आत येण्याऐवजी चकती पुढे सरकते. कल्पना साधी, पण फार उपयोगी. फक्त ग्रीस गनने दाबून दाबून भरू नका. जास्त दाबाने मागचं सील सुटतं आणि ज्या दारातून पाणी अडवायचं तेच दार आपण उघडून ठेवतो. चकती थोडी हलली की थांबायचं.

सील प्रत्येक वेळी नवीनच घाला. बेअरिंगच्या मानाने ते स्वस्त असतं. फाटलेल्या सीलमागे जगातलं सर्वोत्तम ग्रीस भरलं तरी ते फुटक्या माठात पाणी भरण्यासारखं आहे.

वर्षभराचं वेळापत्रक

• वर्षातून एकदा हब उघडून पूर्ण सफाई आणि नवं ग्रीस. खाऱ्या पाण्यात रोज उतरणारी ट्रॉली असेल तर हंगामात मध्ये आणखी एकदा.
• हे काम हंगाम संपल्यावर, पावसाळ्याआधी करा. पाणी आत ठेवून ट्रॉली चार महिने उभी राहायला नको.
• किनाऱ्यावर पोचल्यावर थोडं थांबा. हब हाताला कोमट लागला की मगच पाण्यात.
• बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुवा. सीलवर प्रेशरची धार मारू नका.
• लांबच्या प्रवासात थांबाल तिथे हबला सावधपणे हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर पुढे जाऊ नका.

धोक्याच्या खुणा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर मागचं सील गेलंय. चाक जॅकवर उचलून हलवलं आणि खडखड वाजलं किंवा जास्त प्ले लागला तर बेअरिंग सैल किंवा झिजलेलं आहे. फिरवल्यावर घरघर आली तर रोलरवर खड्डे आहेत. अशा वेळी नवं ग्रीस भरून उपयोग नाही, बेअरिंगच बदलायला हवं. नट किती आवळायचा आणि स्प्लिट पिन कशी घालायची हे जाणकार फिटरकडूनच करून घ्या. जास्त आवळलं तरी बेअरिंग तापतं, सैल राहिलं तरी मार खातं.

वर्गात करून पाहा

१. गोट्या आणि झाकण : सपाट बाकावर डब्याचं झाकण पालथं घाला, त्यावर वही ठेवून फिरवा. मग झाकणाखाली सारख्या आकाराच्या दहा-बारा गोट्या ठेवून फिरवा. घसरणं आणि घरंगळणं यातला फरक मुलं स्वतः सांगतील.

२. पाण्याचा घोट : काचेची छोटी बाटली कोमट पाण्याने विसळून रिकामी करा आणि लगेच रंगीत थंड पाण्याच्या ताटलीत उपडी धरा. हळूहळू पाणी बाटलीत चढतं. गरम हब पाण्यात गेल्यावर हेच होतं. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं.

३. साबणाची मैत्री : बाटलीत पाणी आणि थोडं खोबरेल घालून हलवा. थोड्या वेळाने दोन थर दिसतील. मग साबणाचं पाणी घालून हलवा. दुधाळ ग्रीस कसं होतं ते कळेल.

४. तीन खिळे : एक कोरडा खिळा डबीत, एक खाऱ्या पाण्यात, एक पेट्रोलियम जेली नीट चोपडून खाऱ्या पाण्यात. आठवडाभर रोज निरीक्षण लिहायला सांगा. लहान मुलांसाठी खऱ्या ग्रीसपेक्षा जेलीच बरी.

पालकांचे नेहमीचे दोन प्रश्न

'आमच्या गावात फक्त एपी-३ मिळतं, मग काय करायचं?' वापरा, पण स्वच्छ हबमध्ये, नव्या सीलसह आणि लवकर लवकर उघडून बघा. वेळच्या वेळी बदललेलं साधं ग्रीस हे तीन वर्षं न उघडलेल्या महागड्या ग्रीसपेक्षा केव्हाही चांगलं.

'वापरलेलं ग्रीस कुठे टाकायचं?' वाळूत, खाडीत किंवा गटारात नाही. जुन्या डब्यात साठवून गॅरेजमध्ये वापरलेलं तेल गोळा करतात तिथे द्या. ज्या पाण्यावर आपलं पोट चालतं त्यातच ते घालायचं का, हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर ती बरोबर देतात.

शिक्षक मित्रांनो, 'वंगणाने घर्षण कमी होतं' हे वाक्य शिकवून झालं की एकदा फळ्यावर 'कोणतं वंगण, कुठे आणि का?' असं लिहा. शेतातली मोट, शिलाई मशीन, सायकलची साखळी, बोटीची ट्रॉली अशी उदाहरणं मुलंच आणतील. त्यातल्या एखाद्या मुलाने घरी जाऊन 'बाबा, आपल्या ट्रॉलीत कोणत्या साबणाचं ग्रीस आहे?' असं विचारलं, तर पाठ वर्गाबाहेर पोचला असं समजा.